चार फुटी टँक, बारा किलोचं झाकण: नेरुळमधल्या एका घरगुती हूडची दुरुस्ती

पार्श्वभूमी

नेरुळमधल्या सिडकोच्या एका जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात निवृत्त काका, त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. नावं आणि सेक्टर मुद्दाम देत नाही. मी वाशी-नेरुळ भागात नोकरी सांभाळून लोकांच्या फिश टँकची देखभाल करतो, त्यातून ही ओळख.

काकांची सगळी नोकरी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून झाली. टँक विकतचा, पण त्यावरचा हूड त्यांनी २०१२ साली स्वतःच्या हातांनी गॅलरीत बसून बनवलेला. टँक ४८ × १८ × १८ इंचांचा, म्हणजे काठोकाठ भरला तर २५५ लिटरचा. आत चार एंजल, पाच सिल्व्हर डॉलर, तळाशी फिरणारे काही कोरी आणि एक रेड टेल शार्क, नावाला शार्क, तसा छोटाच शोभेचा मासा.

हूड म्हणजे १२ मिलिमीटर प्लायचा, तळ नसलेला आठ इंच उंच खोका. वरून गडद सनमायका. पुढच्या फळीच्या खालच्या कडेला डोंबिवलीच्या जुन्या घराच्या दारातून काढलेली सागवानी पट्टी. ४८ इंचांच्या खोक्यात चार फुटी ट्यूब होल्डरसकट मावत नाही, म्हणून आत तीन फुटी ट्यूब. तिचा चोकही आतच, आणि वरचा सगळा भाग एकसंध. टँकमध्ये काहीही करायचं तर अख्खा हूड दोन्ही हातांनी उचलायचा, पुढे छातीशी ओढायचा आणि सोफ्यावर ठेवायचा. चिमूटभर दाणे टाकायचे असले तरी उजवी बाजू चार बोटं उचलून फटीतून टाकायचे.

काका धडधाकट होते तोवर यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अडचण

काकांचा उजवा खांदा आखडला. साखर असलेल्या माणसांत हे जास्त दिसतं, आणि काकांना साखर आहे. डॉक्टरांनी खांद्याच्या वर वजन उचलायला मनाई केली. आता हिशेब बघा. स्टँड ३० इंच, त्यावर टँक १८ इंच, म्हणजे हूडची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. काकांची उंची पाच फूट चार इंच. हूड उचलायचा म्हणजे हात चार फूट फाकवून छातीच्या वर जोर लावायचा. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आम्ही तो ठेवून पाहिला तेव्हा काटा १२ किलोच्या किंचित पुढे गेला. कोरडा असताना तो नऊ-दहा किलोचा असावा, बाकीचं वजन प्लायने इतक्या वर्षांत प्यायलेलं पाणी, ट्यूब आणि चोक यांचं.

मग काम आलं सूनबाईंकडे. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या एकट्याने हूड उचलू शकत नव्हत्या, म्हणून पाणी बदलणं रविवारवर गेलं, रविवारचं पंधरवड्यावर. काचेवर हिरवं साचलं, तळात गाळ. एक सिल्व्हर डॉलर कोपऱ्यात धापा टाकताना दिसला, तेव्हा मला फोन आला.

काकांची अट एकच होती, ती त्यांनी चहा यायच्या आत सांगून टाकली: "अरे बाबा, नवा प्लास्टिकचा टॉप आणून ठेवायचा असेल तर तू चहा पिऊन जा."

समोरचे पर्याय

तयार टॉप असा पहिल्या घोटातच बाद झाला. उरलेल्यांवर दोन संध्याकाळी खल झाला.

काचेची सरकती झाकणं सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. पण पाच मिलिमीटर काच दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. अर्ध्या टँकचा तुकडा साडेतीन किलोचा, ओला, आणि धरायला धारेशिवाय काही नाही. लहान मूल असलेल्या घरात मी तो सुचवत नाही.

पलंगाला लावतात तसे हायड्रोलिक लावून अख्खा हूड वर उघडायचा, ही मुलाची कल्पना. त्या पंपांचा जोर पलंगाच्या वजनासाठी असतो. बारा वर्षं वाफ खाल्लेल्या प्लायमध्ये त्यांचे स्क्रू टिकले नसते.

काकांचा लाडका पर्याय कप्पीचा. आपल्या गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड दोरी ओढून छताला नेतात, तसाच हूड वर ओढून घ्यायचा. त्यांनी कागदावर चित्र काढलं, बाजूला दोऱ्यांचे हिशेब, चार कोपऱ्यांना चार हुक. चित्र इतकं नीटस होतं की नाही म्हणायला जिवावर आलं. पण टँकच्या वर शोकेस, आणि दोरी सुटली तर १२ किलो थेट काचेवर. मी नाही म्हटलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

राहिला शेवटचा: हूड तोच ठेवायचा, वरचा भाग कापून बिजागरीवर उघडणारं झाकण करायचं. यावर सगळ्यांचं जमलं, आणि जमलं याच आनंदात मी करवत काढली. घाई झाली ती इथे.

पहिला प्रयत्न

बेत साधा होता. वरच्या १८ इंचांपैकी मागचे ६ इंच पक्के, पुढचे १२ इंच एकाच लांब फळीसारखे उघडणारे. मध्ये चार फुटांची, सलग पट्टीसारखी पियानो बिजागरी. सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज चालत नाही, म्हणून सकाळीच गॅलरीत कापायला घेतलं.

कापताना पहिली गोष्ट कळली ती प्लायबद्दल. मागच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. थर सुटून पानांसारखे उलगडले, मधला काळा पडलेला. त्या काळी काकांनी साधा कमर्शियल प्लाय घेतला होता. टँकच्या वर, बंद खोक्यात, बाराही महिने पावसाळाच असतो. तिथे किमान आयएस ७१० या मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय हवा, आणि त्याच्याही कापलेल्या कडा सील करायला हव्यात, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. इथे थांबून अख्खं छत बदलायचा निर्णय घ्यायला हवा होता. मी खराब भाग तासून, इपॉक्सी भरून पुढे गेलो.

दुसरी गोष्ट कळली ती हूड परत टँकवर ठेवल्यावर. झाकण उघडलं आणि साधारण पन्नास अंशांवर ठक्क! वरच्या शोकेसचा तळ. हूडच्या वर जागा साडेनऊ इंच, माझं झाकण १२ इंचांचं. टँक मी मिलिमीटरपर्यंत मोजला होता, टँकच्या वरची हवा मोजली नव्हती. अर्धवट उघडलेलं झाकण स्वतःहून उभं राहीना, म्हणजे एक हात ते धरण्यातच अडकला. हूड उचलणं परवडलं असं वहिनी म्हणाल्या, आणि त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या.

तिसरं: ट्यूब त्याच झाकणाच्या पोटाला लावलेली. झाकण वर केलं की उजेड सरळ डोळ्यांत, टँकमध्ये अंधार, आणि वायरीला ताण. चौथं: छताचा एवढा मोठा तुकडा गेल्यावर खोक्याचा ताठपणाच गेला. पुढची फळी मधोमध फुगली, झाकणाखाली बोटभर फट.

आणि रात्री शेवटचं. इपॉक्सी कडक व्हायला वेळ लागतो, तोवर हूड बाहेर. टँकवर मच्छरांची जाळी टाकून कडेने कपड्यांचे चिमटे लावले होते. मागे फिल्टरची नळी जिथून वर येते तिथे चार बोटं उघडी राहिली. रेड टेल शार्क उडी मारतो हे मला पाठ आहे, लोकांना मीच सांगतो. सकाळी तो सोफ्याखाली सापडला, नातीला.

मध्येच निघालेली गोष्ट

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनी सहज बोलून गेल्या, "पाण्यात हात घातला की कधीकधी झिणझिण्या येतात, ते काय असतं?"

मी झाकणाचं सगळं बाजूला ठेवलं. टँकचे सगळे प्लग काढले. हूडच्या आत ट्यूबची वायर चोकला जोडलेली होती ती साध्या चिकटपट्टीच्या जॉइंटने. पट्टी ओलसर, अर्धी सुटलेली, आणि बरोबर पाण्यावर लोंबणारी. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याला सापडलं ते आणखी वाईट: सगळं ज्या एक्स्टेंशन बोर्डावर होतं, त्याच्या अर्थिंगच्या पिनेला आत वायरच जोडलेली नव्हती.

मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच बसवला, बोर्ड बदलला. ट्यूब आणि चोक कायमचे काढले. त्यांच्या जागी सिलिकॉनचं आवरण असलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी, आणि तिचा अडॅप्टर टँकपासून दूर, भिंतीवर. फिल्टरची वायर सॉकेटपर्यंत सरळ न नेता आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतं.

झाकणाच्या कामात हा निर्णय वरकरणी बसत नाही. पण झाकण जितकं सोपं, तितके हात पाण्यात जास्त वेळा जाणार. आधी वीज, मग करवत, हा क्रम मी उलटा केला होता.

कामांची यादी

दुसऱ्यांदा कापायच्या आधी पंधरा दिवस काहीच केलं नाही. कालनिर्णयच्या पानामागे वहिनींनी रेघा ओढल्या: टँक कशासाठी उघडला, किती वेळा. खाणं २९ वेळा (एकदा नातीने परस्पर), पुढची काच घासणं तीनदा, सायफनने गाळ काढून पाणी बदलणं दोनदा, फिल्टरचा स्पंज धुणं एकदा. अख्खा हूड खाली घ्यावा लागेल असं काम शून्य.

हा कागद पाहिल्यावर माझा सगळा विचारच चुकल्याचं दिसलं. मी झाकण किती मोठं उघडेल याच्या मागे होतो. त्यांना दिवसातून दोनदा पंजा जाईल एवढीच फट हवी होती, आठवड्यातून एकदा कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा, आणि वर्षातून एखाद्या वेळी दोन माणसांनी उचलायची सोय.

दुसरा प्रयत्न

छत पूर्ण काढून टाकलं. पुढची फळी आणि दोन्ही बाजू काकांच्याच ठेवल्या, सागवानी पट्टीसकट. त्या बऱ्यापैकी टणक होत्या. मागची फळी नवी. बारा वर्षं टिकलेला भाग जाताना काका फक्त म्हणाले, "मागे कोण बघतंय."

फुगणाऱ्या फळीसाठी मधोमध, पुढून मागे, अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा बसवला, सरकत्या खिडक्यांचं काम करणाऱ्याकडे उरलेला तुकडा होता. त्यामुळे छत डाव्या-उजव्या दोन भागांत वाटलं गेलं. मागची ६ इंचांची पट्टी पक्की, एलईडी तिच्या पोटाला. झाकण उघडलं तरी उजेड हलत नाही.

नवी झाकणं आठ मिलिमीटरच्या पीव्हीसी फोम बोर्डाची, कारण हा बोर्ड पाण्याने फुगत नाही. अ‍ॅक्रिलिकचाही विचार केला होता, पण त्याची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली की काही आठवड्यांत ते पापडासारखं वाकतं. फोम बोर्डाचा दोष म्हणजे छोटे स्क्रू त्यात धरत नाहीत. बिजागऱ्या आरपार नट-बोल्टने बसवल्या.

शोकेसचं उत्तर होतं घडीचं झाकण: १२ इंच एका तुकड्यात न उघडता दोन तुकड्यांत. इथे मी ६ आणि ६ असे समान भाग करायला निघालो होतो. काका स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले, सेलोटेपच्या बिजागऱ्या केल्या आणि घडी घालून दाखवली. पुढचा तुकडा मागच्यावर उलटा पडला की त्याची कड बरोबर दुसऱ्या बिजागरीवर येते आणि जाडी आड येऊन घडी पुढे जात नाही. "पुढचा पाच कर, मागचा सात. दोन इंच मोकळे सोड." फिटर माणूस! तसंच केलं. पाच इंचांचा तुकडा सातावर पडतो, मग दोन्ही मिळून मागच्या पक्क्या पट्टीवर जवळजवळ सपाट झोपतात. फिरताना सर्वांत जास्त उंची लागते सात इंच, आणि वर जागा साडेनऊ.

आणि एक गोष्ट आयती मिळाली. खाण्यासाठी वेगळं भोक पाडायचा बेत होता, त्याची गरजच उरली नाही. पुढचा पाच इंचांचा तुकडा तेवढा उचलला की खाण्याची खिडकी तयार. २४ × ५ इंचांचा तो तुकडा साडेतीनशे ग्रॅमचा, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून हलका. मूठ लावली असती तर घडीत अडकली असती, म्हणून एका बोटाची खाच. काकांचा डावा हात पुरतो.

बिजागरीवर मात्र पुन्हा फसलो. तुर्भ्याहून "३०४ आहे, चुंबक लावून बघा" म्हणून स्टीलची आणली. चुंबक चिकटला नाही, मी खूश. तीन आठवड्यांत तपकिरी ओघळ. ३०४पेक्षा लवकर गंजणाऱ्या २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला काही अर्थ नाही. ती काढून दुसरीकडून, बिलावर ग्रेड लिहून घेऊन नवी आणली.

सांधे भरायला साधं सिलिकॉन वापरलं. बाथरूमचं बुरशीरोधक चालत नाही, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. मागच्या नव्या फळीला सुताराने सवयीने वाळवीचं औषध मारायला घेतलं होतं, त्याचा हात अक्षरशः धरला. ही औषधं माशांना फार विषारी असतात, आणि हूडच्या आतून टिपकणारा प्रत्येक थेंब टँकमध्येच जातो. फळीच्या कडांना इपॉक्सीचे दोन हात देऊन ती आठवडाभर गॅलरीत वाळवली, आणि या वेळी जाळीला चारी बाजूंनी चिमटे, नळीभोवती स्पंजचा तुकडा कोंबून.

निष्पत्ती

आठ महिने झाले. दाणे पुन्हा काका टाकतात, सकाळी आणि संध्याकाळी, डाव्या हाताने. पाणी वहिनी एकट्या बदलतात, आठवड्याला तीन बादल्या, आधी उजवी बाजू उघडून, मग डावी. पूर्ण हूड एकदाच खाली घेतला, तोही बिजागरी बदलताना. झिणझिण्या गेल्या. खर्च फसलेला प्रयत्न आणि वाया गेलेली बिजागरी धरून सहा हजारांच्या आसपास, त्यातला जवळपास निम्मा विजेच्या कामाचा.

सगळंच बरं झालं असं नाही. सांध्यांमधून वाफ जाते, आठवड्यातून अर्धी बादली पाणी वरून घालावं लागतं. घडीच्या फटीतून एलईडीची एक रेघ टीव्हीच्या काचेवर पडते, त्यावर मुलाची कुरकुर अजून चालू आहे. आणि काकांना सोपं झालेलं झाकण नातीलाही सोपं झालं. नवव्या की दहाव्या दिवशी टँकमध्ये ग्लुकोजचं अर्धं बिस्किट विरघळताना सापडलं. पाणी दुधाळ, दोन दिवसांत दोनदा बदललं. आता खाचेच्या बाजूला एक छोटी कडी आहे, मोठ्यांच्या उंचीवरून दिसते, खालून नाही.

पुन्हा करायचं झालं तर

रेघांचा कागद पहिल्या दिवशी. कापायच्या आधी पुठ्ठ्याचं झाकण करून ते टँकवर, शोकेसच्या खाली उघडून बघणं. दहा मिनिटांचं काम होतं, ते काकांनी दुसऱ्या वेळी केलं आणि मी पहिल्या वेळी केलं नाही.

वीज तपासणं तर चहाच्याही आधी. मी टँक, प्लाय, मासे सगळ्यांबद्दल विचारलं, वहिनींना मात्र "हात घातल्यावर काही जाणवतं का" असं विचारलं नव्हतं. त्या बोलल्या नसत्या तर मी तोच चिकटपट्टीचा जॉइंट नव्या झाकणाखाली बसवून दिला असता.

कुजलेलं छत पहिल्याच दिवशी टाकून द्यायला हवं होतं. काकांच्या हातचं म्हणून मी ते वाचवायला गेलो, आणि काकांना जे वाचवायचं होतं ती सागवानी पट्टी निघाली. हेही विचारता आलं असतं.

रेड टेल शार्कबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नातीला नवा हवाय, मी टाळतोय.

मागची सहा इंचांची पक्की पट्टी हा उरलेला दोष. फिल्टर तिच्याच खाली आहे, आणि स्पंज काढताना वहिनींचं मनगट तिच्या कडेला घासतं. ती तीन-तीन इंचांत उघडती करता येईल, पण मग एलईडी कुठे जाणार, यावर आमचं अडलंय. परवा गेलो तर शोकेसच्या काचेआड कप्पीचं ते चित्र पुन्हा बाहेर आलेलं, चार हुकांच्या जागी आता दोनच.

"फक्त मागच्या पट्टीपुरतं म्हणतोय मी," काका म्हणाले.